कानातली नळी आणि तीन महिन्यांची वाट

आपल्या या भागात इतिहास म्हटला की १७३९ साल आठवते. मराठ्यांनी आधी तारापूर आणि मग वसई घेतली ते साल. आज आम्ही ज्या वस्तूचा इतिहास सांगणार आहोत ती तांदळाच्या दाण्याहूनही लहान आहे. लहान मुलाच्या कानाच्या पडद्यात बसवतात ती ही नळी. डॉक्टर तिला ग्रोमेट म्हणतात. ‘कानात पाणी साठले आहे, नळी घालायची का?’ हा प्रश्न ज्या आईबापांपुढे येतो त्यांची झोप उडते. दोन-तीन वर्षांच्या लेकराला भूल द्यायची, की ते बोलण्यात मागे पडताना पाहत बसायचे? या प्रश्नाला दोनशे वर्षांहून अधिक इतिहास आहे, आणि निर्णयाला लागणारे शहाणपण त्या इतिहासातच सापडते, असे आम्हांस वाटते.

आधी कानाची रचना पाहू. पडद्यामागे एक लहानशी पोकळी असते आणि तिच्यापासून एक नलिका घशाच्या वरच्या भागात उघडते. सोळाव्या शतकातील इटालियन शरीरशास्त्रज्ञ युस्ताकी याचे नाव तिला मिळाले आहे. आपण गिळतो वा जांभई देतो तेव्हा ती उघडते व आत हवा जाते. मोठ्या माणसात ती उतरती असते. लहान मुलात आखूड व आडवी. म्हणून सर्दीपडसे झाले की ती बंद पडते आणि पोकळीत पाणी साठते. हे पाणी आंघोळीचे नव्हे. ते आतल्या आतच झरते. दुखत नाही, कान वाहत नाही. फक्त ऐकू कमी येते. मग घरात म्हणतात, पोर द्वाड आहे; शाळेत म्हणतात, लक्ष नाही. ऐकू न येण्याची शिक्षा मुलाला अशी दोन्हीकडून मिळते.

लंडनचे शस्त्रवैद्य ॲस्टली कूपर यांनी १८०१ मध्ये या नलिकेच्या अडथळ्यामुळे आलेल्या बहिरेपणावर पडद्याला छिद्र पाडण्याचा उपाय मांडला. काही रोग्यांना तत्काळ ऐकू येऊ लागले आणि रॉयल सोसायटीने कूपरना कोप्ले पदक दिले. पण पुढे जो तो वैद्य कोणत्याही बहिरेपणावर पडदा टोचू लागला. गुण येईना, आणि उपायच बदनाम झाला. शिवाय पडद्याचे छिद्र थोड्याच दिवसांत आपले आपण बुजत असे. ते उघडे राहावे म्हणून व्हिएन्नाचे ॲडम पोलिट्झर यांनी १८६८ च्या सुमारास कठीण रबराची बारीक कडी बसवून पाहिली, तीही टिकेना. अखेर १९५४ मध्ये अमेरिकेतील बेव्हर्ली आर्मस्ट्राँग यांनी प्लास्टिकची नळी बसवल्याचे प्रसिद्ध केले आणि तेथून ही शस्त्रक्रिया जगभर पसरली. नळी साधारण सहा महिने ते दीड वर्ष राहते व बहुधा आपोआप गळून पडते.

साधन हाती आले की ते वापरण्याची घाई होते. कूपरनंतर जे घडले तेच पुन्हा घडू लागले. तेव्हा पिट्सबर्गच्या डॉक्टरांनी प्रश्न उलटा विचारला: नळी घालता येते हे खरे, पण लगेच घालायलाच हवी का? त्यांनी ६३५० निरोगी अर्भकांवर लक्ष ठेवले. तीन वर्षांच्या आत ज्यांच्या कानात पाणी दीर्घकाळ राहिले अशा ४२९ मुलांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडले. एका गटाला लगेच नळी. दुसऱ्याला पाणी तसेच राहिले तर नऊ महिन्यांपर्यंत थांबून. २००१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला: तिसऱ्या वर्षी दोन्ही गटांच्या बोलण्यात व बुद्धीत लक्षणीय फरक नव्हता. हीच मुले नऊ ते अकरा वर्षांची झाली तेव्हाही चित्र तेच राहिले.

आज अमेरिकेतील तज्ज्ञांच्या मार्गदर्शिका सांगतात की पाणी तीन महिन्यांहून कमी काळ असेल तर नळी घालू नये. पुष्कळांचे ते तेवढ्यात आपणच ओसरते. दोन्ही कानांत तीन महिन्यांवर टिकले आणि तपासणीत ऐकणे कमी आढळले, तर नळीचा विचार जरूर करावा. टाळू दुभंगलेल्या, डाऊन सिंड्रोम असलेल्या, किंवा आधीच बोलण्यात मागे असलेल्या मुलांना मात्र हा ‘थांबा’ तसाच लागू नाही. पिट्सबर्गची मुले निरोगी होती, हे विसरू नये.

आता आपल्या दाराशी येऊ. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाचा देशव्यापी आरंभ पालघरलाच झाला. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होते. १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळा जिल्हा झाला आणि पुढे कोळगावात त्याचे मुख्यालय उभे राहिले. या कार्यक्रमाच्या यादीत कानाचे विकार आणि कमी ऐकू येणे ही दोन्ही आहेत. त्याच्या आखणीनुसार फिरते पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा व शाळेत एकदा येते. येथेच हिशेब नीट मांडला पाहिजे. डॉक्टर म्हणतात तीन महिन्यांनी पुन्हा पाहू, आणि पथक येते सहा महिन्यांनी. मधली फेरी आईबापांनीच करायची असते. मजुरी बुडवून, गाडीभाडे मोडून ती करणे सर्वांना सोपे नाही, हे आम्ही जाणतो. पण पिट्सबर्गची मुले ‘थांबली’ तेव्हा त्यांचे कान कोणीतरी वेळोवेळी पाहत होते. तपासणीविना थांबणे म्हणजे मुलाला वाऱ्यावर सोडणे होय.

आणखी एक खुलासा. आपल्याकडे वाहणारे कान पुष्कळ. तेथे पडद्याला आधीच छिद्र पडलेले असते. त्यावर ही नळी उपाय नव्हे, उपचार वेगळा. अशा कानात गोडे तेल किंवा लसणीचे तेल मुळीच घालू नये.

तेव्हा डॉक्टरांना तीन प्रश्न विचारावेत: पाणी किती दिवसांचे आहे? दोन्ही कानांत आहे का? ऐकण्याची तपासणी झाली का? उत्तरांची तारखेसह नोंद ठेवावी. तोवर मुलाशी समोर बसून, तोंडाकडे तोंड करून, सावकाश बोलावे आणि वर्गात त्याला पुढच्या रांगेत बसवावे. तीन महिन्यांनी ती नोंद घेऊन पुन्हा जावे. त्यानंतर नळी घातली काय किंवा न घातली काय, तो निर्णय भीतीपोटी झालेला नसेल.