कपाकडून पानाकडे

कल्याणच्या बाजारात ‘सुटा चहा’ मागितला, तर दुकानदार पत्र्याच्या मोठ्या डब्यातून चहा काढून तोलून देतो. बारीक हवा की दाणेदार, कडक हवा की रंगाचा, एवढी चौकशी होते, आणि बहुतेक वेळा दोन-तीन डब्यांतले मिश्रण करून पुडी हाती येते. पाकीटबंद चहापेक्षा तो स्वस्त असावा अशी गिऱ्हाइकाची अपेक्षा असते. जगाच्या चहाव्यवहारात मात्र ‘सुटा’ या शब्दाला नेमकी उलटी प्रतिष्ठा आहे. पिशवीतला चहा रोजच्या घाईचा आणि सुटे, अखंड पान हे जाणकाराचे, असा तेथील संकेत आहे. एकच विशेषण दोन ठिकाणी इतके वेगळे का वागते, हा प्रश्न वरवर किराणा मालाचा वाटतो. आमच्या मते तो इतिहासाचा आहे, आणि साहित्याच्या अभ्यासकाने त्यात लक्ष घालावे असे त्यात बरेच काही आहे.

पश्चिम किनाऱ्याला चहाची ओळख इंग्रजी राज्याच्या पुष्कळ आधीची आहे. १६३८ साली सुरतेत आलेल्या मांडेल्स्लो या जर्मन प्रवाशाने तेथे रोजच्या बैठकीत चहा घेतला जात असल्याचे लिहून ठेवले आहे. १६८९ मध्ये सुरतेस आलेला इंग्रज धर्मोपदेशक जॉन ओव्हिंग्टन याने तर वाणी लोक चहात गरम मसाला आणि खडीसाखर घालतात, काही शौकीन मुरवलेले लिंबू घालतात, अशी नोंद केली. म्हणजे आज ज्याला आपण ‘मसाल्याचा चहा’ म्हणतो त्याची कल्पना या किनाऱ्यावर तीन शतकांहून जुनी आहे. तो चहा चीनचा होता, दूध त्यात नव्हते, आणि त्याचे स्थान औषध व विलास यांच्या मधले होते. पुढे एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या व्यापाऱ्यांनी माळव्याची अफू आणि कापूस चीनकडे पाठवला. त्या व्यवहारातून चीनचा चहा इंग्लंडच्या घरोघरी पोहोचला. जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारख्यांची संपत्ती याच व्यापारातून उभी राहिली. चहाने मुंबईला श्रीमंत केले, पण मुंबईभोवतालचा मराठी मुलूख तेव्हा चहा पीत नव्हता. मराठी घरात ‘गवती चहा’ हे नाव रूढ झाले, ते परसातल्या सुगंधी पातीला. त्या नावात चहा हा शब्द आहे, चहाचे झाड नाही.

चहा मराठी समाजाच्या चर्चेत खऱ्या अर्थाने आला तो एका वादामुळे, आणि त्या वादाचा कर्ता कल्याणशी जोडलेला आहे. गोपाळराव जोशी हे टपाल खात्यातले कारकून नोकरीनिमित्त कल्याणला होते. कल्याणच्या जोशी घराण्यातील यमुना या मुलीशी १८७४ साली त्यांचे लग्न झाले. ती नऊ वर्षांची होती. हीच पुढे आनंदीबाई झाली, १८८३ साली कलकत्त्याहून अमेरिकेला गेली आणि १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयातून डॉक्टर होऊन बाहेर पडली. फेब्रुवारी १८८७ मध्ये पुण्यात तिचा मृत्यू झाला. त्यानंतर साडेतीन वर्षांनी, ऑक्टोबर १८९० मध्ये, गोपाळरावांनी पुण्याच्या नामवंतांना पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने एकत्र आणले. व्याख्यानानंतर चहा आणि बिस्किटे पुढे आली. काहींनी घेतली, काहींनी कप नुसता हातात धरला, काहींनी तोही बाजूला ठेवला. गोपाळरावांनी उपस्थितांची नावे ‘पुणे वैभव’ पत्रात छापवून आणली आणि शहरात ग्रामण्य उभे राहिले. सनातनी पक्षाने प्रकरण शंकराचार्यांपर्यंत नेले, चौकशी बसली, टिळकांनी धर्मशास्त्राच्या आधारे आपली बाजू मांडली, काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. न्यायमूर्ती रानड्यांनीही पुढे प्रायश्चित्त घेतले आणि त्यांच्या सुधारक मित्रांना त्याचे दुःख झाले. रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील कांहीं आठवणी’ (१९१०) या पुस्तकात या प्रकरणाची हकिकत आहे.

या प्रकरणावर पुष्कळ लिहिले गेले आहे. आम्हाला त्यातली एकच गोष्ट येथे नोंदवायची आहे. तो चहा कसा होता, याची चौकशी कोणीही केली नाही. तो चीनचा होता की आसामचा, कडक होता की पांचट, त्यात दूध किती होते, हे प्रश्न वादी, प्रतिवादी आणि न्यायाधीश यांपैकी कोणालाच पडले नाहीत. चहा कोणाच्या घरचा, कोणाच्या हातचा आणि कोणासमोर घेतला, एवढेच विचारले गेले. मराठी सार्वजनिक जीवनात चहाचा प्रवेश कपाच्या बाजूने झाला; पान मागेच राहिले.

कपाचा हा प्रश्न १८९२ मध्ये मिटला नाही. रेल्वे स्थानकांवर ‘हिंदू चहा’ आणि ‘मुसलमान चहा’ अशा वेगळ्या आरोळ्या पुढे अनेक दशके चालल्या. खेड्यातल्या हॉटेलात दलितांसाठी वेगळी कपबशी ठेवली जाई, आणि ती ज्याची त्याने धुवायची असे. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) या वेगळ्या कपबशीविरुद्ध पोलिसांकडे तक्रार नेण्याचा प्रसंग आहे. पंचहौदचा कप आणि हा कप शेजारी ठेवून पाहावेत. पहिल्यात वरच्या जातीचा माणूस चहा पिऊन ‘बाटला’ म्हणून प्रायश्चित्त घेतो. दुसऱ्यात आपल्या ओठांनी कप बाटतो असे मानणाऱ्या व्यवस्थेला एक मुलगा जाब विचारतो. मराठी साहित्यात चहाचे वर्णन फारसे चवीचे नाही ही उणीव नव्हे. ज्या समाजात कप हाच इतका मोठा प्रश्न होता, तेथे पानाकडे पाहण्याची उसंत कोणाला असणार?

पानाकडे लक्ष न जाण्याचे दुसरे कारण आर्थिक आहे. आसामचा पहिला चहा लंडनमध्ये लिलावात विकला गेला तो जानेवारी १८३९ मध्ये. दार्जिलिंगची पहिली रोपे १८४१ची, कलकत्त्यातला पहिला लिलाव १८६१चा. या सगळ्या व्यवहाराचे तोंड समुद्राकडे होते. चांगले पान परदेशी जाई. इकडे बोरीबंदर ते ठाणे हा मार्ग १८५३ साली सुरू झाला, पुढच्याच वर्षी गाडी कल्याणला पोहोचली, आणि बोरघाट व थळघाट असे दोन्ही रस्ते येथून फुटू लागले. चहाला देशभर पसरवणारी वाट अशी तयार झाली, परंतु त्या वाटेवरून चहा येण्यास वेळ लागला. निर्यातीवर उपकर बसवून चहाच्या प्रचारासाठी समिती नेमली गेली ती १९०३ साली. जागतिक मंदीत भाव कोसळले, १९३३च्या आंतरराष्ट्रीय कराराने निर्यातीवर मर्यादा आली, आणि उरलेला चहा पिणारा माणूस देशातच शोधणे भाग पडले. स्थानके, गिरण्या, कारखाने येथे प्रचारकांनी चहा पाजला. चहा कसा करावा याच्या सूचना लिहिलेले मुलाम्याचे फलक रेल्वे फलाटांवर लागले: ताजे पाणी उकळावे, पाने मोजून घालावीत, झाकून ठेवावे.

लोकांनी फलक वाचले आणि आपल्या पद्धतीने चहा केला. पाणी, दूध, साखर, आले एकाच पातेल्यात उकळले. प्रचारकांना ही पद्धत रुचत नसे. मसाला घातला की पत्ती कमी लागते, ही त्यांची व्यापारी तक्रार होती. १९३०च्या सुमारास आसामातील आमगुरी मळ्यावर विल्यम मॅकर्चर यांनी बसवलेल्या यंत्राने हा तंटा वेगळ्याच रीतीने सोडवला. दातेरी रुळांमधून पान चिरडून, फाडून, वळवून त्याचे गोल दाणे करणारे ते सीटीसी यंत्र. या दाण्याला रंग लवकर सुटतो, तो दुधासमोर दबत नाही, आणि थोड्या पत्तीत जास्त कप होतात. स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत हाच चहा भारताचा चहा झाला. १९४८च्या कारखाने कायद्याने अडीचशेहून अधिक कामगारांच्या कारखान्यात उपाहारगृह आवश्यक ठरवले. अंबरनाथ, डोंबिवली, कल्याणच्या औद्योगिक पट्ट्यात पाळी बदलताना जो चहा प्यायला गेला तो हा. मराठीत चहाच्या मालाला ‘चहा पावडर’ हे नाव पडले, त्यात हा सारा इतिहास साठलेला आहे. हिंदीत निदान ‘पत्ती’ उरली. आपल्या शब्दातून पान गेले.

आता त्या पानाकडे वळू. चुरा न करता, केवळ सुकवून, वळून आणि हवेवर रापवून केलेल्या काळ्या चहाला व्यापारात ‘ऑर्थोडॉक्स’ म्हणतात. ज्या पेयाने १८९० साली पुण्यातल्या सनातन्यांची झोप उडवली, त्याच्याच उत्तम प्रकाराचे नाव ‘सनातनी’ असावे हा योगायोग गमतीचा आहे. हा चहा चाखण्याची रीत साधी आहे. कपभर पाण्याला दोन-अडीच ग्रॅम पान, नुकतेच उकळलेले पाणी, तीन ते पाच मिनिटे झाकण, दूध-साखर नाही. कोरडे पान, भिजलेले पान आणि पेय अशा तिन्ही अवस्थांत वास घ्यावा. व्यावसायिक चाखणारे पांढऱ्या चिनी मातीच्या भांड्यात चहा काढतात आणि चमच्याने मोठ्या आवाजात भुरका मारतात, कारण हवेबरोबर उडालेले तुषार घशामागून नाकापर्यंत वास नेतात. आमच्या वडीलधाऱ्यांनी बशीत ओतून मारलेला भुरका ज्यांना गावंढळ वाटला, त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

वसंतातल्या पहिल्या तोडीचा दार्जिलिंग फिकट आणि कोवळा असतो. त्यात फुलाचा आणि ताज्या गवताचा वास येतो. मे-जूनच्या दुसऱ्या तोडीत पिकलेल्या द्राक्षाचा वास उतरतो. तुडतुड्यासारखा एक बारीक किडा कोवळ्या पानातला रस शोषतो आणि झाड स्वतःच्या बचावासाठी जी द्रव्ये तयार करते, त्यांचा या सुगंधात मोठा वाटा आहे. आसामच्या दुसऱ्या तोडीला भरदार अंग असते. इंग्रजीत ज्याला माल्ट म्हणतात तो वास मोड आणून भाजलेल्या नाचणीच्या सत्त्वाने आपल्याला बालपणापासून ठाऊक आहे. निलगिरीचा थंडीतला चहा हलका आणि सुवासिक. या सर्वांच्या तळाशी एक तुरटपणा असतो, जिभेच्या कडांना आवळणारा. आयुर्वेदाच्या सहा रसांत त्याला नाव आहे: कषाय. काढ्यालाही संस्कृतात ‘कषाय’च म्हणतात. पेय आणि त्याची चव यांना एकच शब्द देणाऱ्या परंपरेला चहाच्या आस्वादासाठी शब्द उसने आणण्याचे कारण नाही. खमंग, करपट, उग्र, मुलायम, तरतरीत हे शब्द आपल्याजवळ आहेत. ते एका कोऱ्या कपापुढे वापरून पाहायचे राहिले आहेत.

येथे साहित्याच्या विद्यार्थ्याला एक जुनी गोष्ट आठवेल. रस कसा आस्वादला जातो हे सांगताना आपल्या काव्यशास्त्राने ‘पानकरस’ हा दृष्टान्त दिला. गूळ, मिरी, आंबट अशा अनेक पदार्थांचे पन्हे होते, आणि त्याची चव त्यांतल्या कोणत्याच एका घटकाची नसते. स्थानकावरचा आले घातलेला चहा हा पानकरसाचा आजचा, अगदी यथार्थ दाखला आहे. त्यात पत्ती वेगळी शोधणे म्हणजे रसात विभाव-अनुभाव सुटे करीत बसणे. कोऱ्या दार्जिलिंगची मागणी वेगळी आहे: एकाच द्रव्यातले सूक्ष्म भेद ओळखण्याची. पहिला आस्वाद एकजीव होण्याचा, दुसरा विवेकाचा. काव्याच्या वाचकाला दोन्हींची गरज पडते, चहा पिणाऱ्यालाही पडावी.

आमची खरी काळजी पुढची आहे. अलीकडे शहरांत उंची पानाची दुकाने निघाली आहेत, मळ्यांची नावे, तोडीचे महिने, पाण्याचे तापमान यांची चर्चा होते. ही चर्चा स्वागतार्ह आहे. पण तिच्या आडून एक नवे सोवळे येऊ पाहते. दूध-साखरेचा चहा पिणारा तो अडाणी, त्याच्या जिभेला संस्कार नाही, असा सूर ऐकू येतो तेव्हा वेगळ्या कपबशीची आठवण होते. चाकरमान्याच्या जिभेला दाणेदार चहाची सवय लागली ती लिलावाने, कराराने, यंत्राने आणि पाळीच्या भोंग्याने लावली. त्या जिभेला हिणवणे म्हणजे इतिहास न वाचणे.

आणि पानाची जाण हवीच असेल, तर ती पानापाशी थांबू नये. १८६५च्या कायद्याने आसामातील मळेवाल्यांना पळून गेलेल्या मजुराला स्वतः पकडण्याचा अधिकार होता. मे १९२१ मध्ये चरगोळा खोऱ्यातले हजारो मजूर मळे सोडून गावाकडे निघाले आणि चांदपूरच्या रेल्वे स्थानकावर त्यांच्यावर रात्री गुरखा शिपाई घालण्यात आले. दोन पाने आणि एक कळी खुडणारा हात आजही बहुतेक ठिकाणी बाईचा आहे, आणि तिची मजुरी त्या पानाच्या दुकानातल्या किमतीपुढे फारच थोडी आहे. मळ्याचे नाव सांगणारी चिठ्ठी तिच्याबद्दल काही सांगत नाही. तोडीचा महिना ओळखणाऱ्या जाणकाराला तोडणारीचाही विचार करता आला, तरच त्याच्या रसिकतेला आपण सहृदयता म्हणू. कप कोणाचा, हा प्रश्न मराठी समाजाने शंभर वर्षे विचारला. पान कोणाच्या हातचे, हा प्रश्न अजून विचारायचा आहे.