सकाळ-रात्र, मोठ्यानं

हवा असलेल्या पैशाचा नेमका आकडा कागदावर लिहायचा. तो कोणत्या तारखेपर्यंत हवा आणि त्याच्या मोबदल्यात आपण काय देणार, तेही लिहायचं. मग ते सगळं दिवसातून दोनदा मोठ्यानं वाचायचं, रात्री झोपताना एकदा आणि सकाळी उठल्यावर एकदा. नेपोलियन हिल यांच्या ‘थिंक अँड ग्रो रिच’ या १९३७ सालच्या पुस्तकातली ही रीत आता यशाची मानसिकता घडवणाऱ्या प्रत्येक शिबिरात या ना त्या रूपात भेटते. आकडा, तारीख, मोबदला ही व्यापाऱ्याची भाषा झाली. ‘दिवसातून दोनदा’ ही मात्र व्यापाऱ्याची भाषा नव्हे. असं औषधाच्या बाटलीवर लिहिलेलं असतं.

आणि ती रीत खरोखरच औषधाच्या दुकानातून आलेली आहे. या लेखाचं सगळं कारण हा एवढा धागा आहे.

एमिल कुए हा फ्रान्समधल्या त्र्वा गावचा औषधविक्रेता, जन्म १८५७चा. औषध देताना त्याची दोन शब्दांत तारीफ केली, तर गिऱ्हाइकाला जास्त गुण येतो, हे त्याला गल्ल्यावर बसल्या बसल्या दिसलं. १८८५च्या सुमारास तो नान्सीला जाऊन डॉ. लिएबो यांची सूचनेनं बरं करण्याची पद्धत पाहून आला. पुढे त्यानं नान्सीतच मोफत उपचार सुरू केले. त्याच्याकडे गोळी नव्हती, एक वाक्य होतं. आपली तब्येत दिवसेंदिवस सर्व बाजूंनी सुधारते आहे, अशा अर्थाचं. डोळे मिटून, स्वतःच्या कानांना ऐकू जाईल इतक्या आवाजात, सकाळ-रात्र वीस वेळा ते म्हणायचं. मोजायला वीस गाठींची दोरी वापरायची. आपल्या घरच्या जपमाळेची आठवण येईल, पण कुएच्या डोक्यात मात्रा होती, जप नव्हता. १९२३मध्ये तो अमेरिकेत गेला आणि तिथे त्याचा प्रचंड गाजावाजा झाला. चौदा वर्षांनी हिल यांनी स्वयंसूचनेवर प्रकरण लिहिलं, त्यात कुएचं नाव आहे. भावना न ओतता ते वाक्य लाख वेळा म्हटलं तरी उपयोग नाही, असा आक्षेप हिल घेतात, पण मात्रा तीच ठेवतात. फक्त तब्येतीच्या जागी पैसा येतो.

लिएबोंच्या मागे माग काढत गेलं की माणूस मेस्मरच्या दारात उभा राहतो, आणि तिथे एक अनपेक्षित गृहस्थ भेटतात.

फ्रान्झ मेस्मरचं म्हणणं असं की, प्राण्यांच्या शरीरातून एक अदृश्य चुंबकीय द्रव वाहतो आणि तो वळवता आला की रोग बरे होतात. पॅरिसमध्ये त्यावर गदारोळ झाला तेव्हा राजानं १७८४मध्ये चौकशीसाठी समिती नेमली. तिच्यात रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते, खगोलशास्त्रज्ञ बाई होते, पुढे ज्यांचं नाव शिरच्छेदाच्या यंत्राला चिकटलं ते डॉ. गिलोतँ होते. आणि प्रमुख होते अमेरिकेचे राजदूत म्हणून तिथे राहणारे बेंजामिन फ्रँकलिन. फ्रँकलिन तेव्हा आजारी होते, त्यामुळे काही प्रयोग पॅरिसजवळच्या पॅसीला त्यांच्याच घरी झाले. मेस्मरचा शिष्य देसलों यानं बागेतलं एक जर्दाळूचं झाड ‘भारलं’. त्यानंच निवडलेल्या बारा वर्षांच्या एका मुलाच्या डोळ्यांवर पट्टी बांधून त्याला एकेका झाडापाशी नेलं गेलं. पहिल्या झाडाला त्याला घाम फुटला, खोकला आला. चौथ्या झाडाशी तो बेशुद्ध पडला. भारलेलं झाड तिथून सुमारे २४ फूट लांब होतं.

समितीचा निष्कर्ष सरळ होता. द्रव नाही. जे घडतं ते कल्पनेमुळे घडतं.

आता याच फ्रँकलिनना जगभर यशसाहित्याचे आद्य पुरुष मानतात. १७५८चा ‘द वे टू वेल्थ’ हा त्यांचा लेख काटकसर, उद्योग आणि वेळ यांचा पाठ देतो. त्यांच्यापासून सॅम्युअल स्माइल्स यांच्या १८५९च्या ‘सेल्फ-हेल्प’कडे आणि तिथून आजच्या प्रेरक पुस्तकांकडे एक रेघ ओढली जाते. माझं म्हणणं असं की ही रेघ चुकली आहे. फ्रँकलिन मूळपुरुष आहेतच, पण त्या लेखामुळे नव्हेत, त्यांच्या बागेतल्या त्या प्रयोगामुळे. त्यांनी काटकसर शिकवली. यशाची मानसिकता काटकसर शिकवत नाही. ती शिकवते की मनात पक्कं बसलेलं चित्र देहावर आणि दैवावर परिणाम करतं. समितीनं जी गोष्ट ‘निव्वळ कल्पना’ म्हणून केरात काढली, तीच उचलून एकानं तिचं औषध केलं.

तो एकजण म्हणजे अमेरिकेतल्या मेन राज्यात, बेलफास्ट गावी घड्याळं करणारा फिनिअस क्विम्बी (१८०२–१८६६). तरुणपणी तो क्षयानं खंगला होता आणि त्या काळच्या पाऱ्याच्या औषधानं त्याच्या दातांची वाट लागली होती. १८३०च्या दशकात शार्ल पोयाँ नावाचा फ्रेंच गृहस्थ मेस्मरविद्येची व्याख्यानं देत त्या भागात फिरत होता. क्विम्बीनं ती ऐकली आणि स्वतः प्रयोग सुरू केले. ल्युशियस बर्कमार नावाच्या पोराला तो मोहनिद्रेत घाली. ल्युशियस रोग्याचं दुखणं सांगे आणि औषधही सांगे. औषध साधंसुधं असलं, तरी रोगी बरे होत. क्विम्बीचं डोकं घड्याळजीचं, कोणता भाग काम करतो आणि कोणता नुसताच बसवला आहे हे पाहणारं. त्यानं आधी औषध काढून टाकलं, मग मोहनिद्रा काढून टाकली. उरला विश्वास. १८५९मध्ये पोर्टलंडला बसून तो रोग्यांशी नुसता बोलून उपचार करू लागला. पॅसीच्या समितीचा निष्कर्ष आणि क्विम्बीचा निष्कर्ष शब्दाला शब्द जुळतो. फरक इतकाच की एकानं तिथे प्रकरण मिटवलं, दुसऱ्यानं दवाखाना उघडला.

क्विम्बीच्या रोग्यांमध्ये पुढे ख्रिश्चन सायन्स पंथ स्थापणाऱ्या मेरी बेकर एडी होत्या. त्यांनी त्याच्याकडून किती घेतलं, यावर त्यांचे अनुयायी आणि क्विम्बीची बाजू घेणारं ड्रेसर कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या भांडत राहिले. आपल्याला त्या भांडणाशी कर्तव्य नाही.

दवाखान्यातून हे प्रकरण तिजोरीकडे कधी वळलं, ते महत्त्वाचं. १८८८मध्ये फ्रान्सिस लॉर्ड या इंग्रज बाईंनी मानसिक उपचारांवर पुस्तक लिहिलं आणि त्यात दुखण्यांच्या जोडीनं दारिद्र्यावरही उपचार दिला. माझ्या मते या कुळकथेतली ही सगळ्यांत मोलाची नोंद आहे. गरिबी हा चुकीच्या समजुतीचा आजार ठरला की मग त्याच्यावर मात्रा देणं ओघानं आलंच. यानंतरचे सगळे त्याच वाटेनं आले. युनिटी पंथाच्या मर्टल फिलमोर आधी क्षयातून उठल्या. त्यांचे पती चार्ल्स यांनी समृद्धीवरचं पुस्तक लिहिलं ते १९३६मध्ये, महामंदीच्या काळात. मराठीत घरोघर पोचलेले जोसेफ मर्फी आपल्या गाठीच्या आजारातून प्रार्थनेनं बरं झाल्याचं सांगत, आणि त्यांच्या पुस्तकात क्विम्बीचं नाव आदरानं येतं.

या कुळकथेला दोन प्रतिस्पर्धी आहेत. एक आपल्या सगळ्यांच्या आवडीचा, तो म्हणजे हे मूळचं आपलं, वेदान्ताचं. याला आधार नाही असं नाही. वॉलेस वॉटल्स यांनी १९१०च्या ‘द सायन्स ऑफ गेटिंग रिच’च्या प्रस्तावनेत आपल्या सिद्धान्ताचं मूळ हिंदू असल्याचं सांगितलं आहे, आणि त्याच पुस्तकावरून ऱ्होंडा बर्न यांना २००६च्या ‘द सीक्रेट’ची प्रेरणा मिळाली. स्वामी विवेकानंद १८९४च्या उन्हाळ्यात मेन राज्यातल्याच ग्रीनएकरला मानसिक उपचारवाल्या मंडळींमध्ये राहिले होते. पण क्विम्बी वारला तेव्हा विवेकानंद तीन वर्षांचे होते. विल्यम वॉकर ॲटकिन्सन या वकिलानं ‘योगी रामचरक’ हे नाव घेऊन पुस्तकं लिहिली ती विसाव्या शतकात. वेदान्ताची शाल नंतर पांघरली गेली, अंग मेस्मरचं आहे. उलट, ग्रीनएकरच्या कितीतरी आधी, १८४५मध्ये, हुगळीला डॉ. जेम्स एस्डेल भारतीय रोग्यांना मोहनिद्रेत घालून शस्त्रक्रिया करत होते. या कुळकथेत आपण आधी भेटतो ते रोगी म्हणून, गुरू म्हणून नव्हे.

दुसरा प्रतिस्पर्धी खुद्द हिल यांचा. १९०८मध्ये पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगींनी यशाचं सूत्र आपल्या हाती सोपवलं, असं ते सांगत. कार्नेगींचे चरित्रकार डेव्हिड नासॉ यांना अशा भेटीचा कसलाही पुरावा आढळला नाही. तेव्हा पोलादाच्या भट्टीपेक्षा औषधाच्या दुकानावर माझा भरवसा जास्त आहे.

हे कूळ ओळखलं की या मंत्राचं काम आणि त्याची हद्दही कळते. भीती, वेदना, अंगातलं जडत्व यांवर तो चालतो, कारण त्यासाठीच तो घडला. पगार मात्र दुसऱ्याच्या खिशातून येतो. गॅब्रिएले एटिंगेन आणि डोरिस मायर यांनी २००२मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, नोकरीची सुखद स्वप्नं रंगवत बसणाऱ्या पदवीधरांनी अर्ज कमी केले होते, त्यांना नोकरीचे प्रस्ताव कमी आले आणि पगारही कमी मिळाले. यश मिळेल अशी सार्थ अपेक्षा असणाऱ्यांचं चांगलं झालं. नुसत्या चित्रात रमणाऱ्यांचं नाही. मुलाखतीच्या आदल्या रात्री छातीतली धडधड बसवायला कुएचं वाक्य जरूर म्हणावं. महिनाअखेरचा हिशेब त्याच्यावर सोपवू नये.

आता एक विनंती. कुणाच्या माळ्यावर मेस्मेरिझम, संमोहन किंवा मनःशक्तीवरची जुनी मराठी पुस्तकं असतील, तर ती रद्दीत घालण्याआधी अनुक्रमणिका पाहा. दमा, डोकेदुखी, निद्रानाश यांच्या यादीत ‘दारिद्र्य’ किंवा ‘धनप्राप्ती’ पहिल्यांदा कोणत्या साली येते ते टिपून ठेवा आणि कळवा.