नीलमुद्रणाचा घरगुती वारसा

छायाचित्रणाच्या आरंभकाळाचा इतिहास सांगताना दागेर आणि टॅल्बट या दोन नावांभोवतीच आपले लेखक घुटमळत राहतात, आणि त्यामुळे कॅमेऱ्याची अपेक्षा न धरता केवळ दोन क्षार, ऊन आणि पाणी यांच्या बळावर त्याच काळात उभी राहिलेली सायनोटाइपची विद्या नकळत उपेक्षित राहते. इंग्लंडातील केंट परगण्यात वास्तव्य करणारे विख्यात ज्योतिर्विद सर जॉन हर्शेल यांनी १८४२ साली ती शोधून काढली. टॅल्बट यांनी आदल्याच वर्षी आपल्या कॅलोटाइप पद्धतीचे पेटंट घेऊन तिच्याभोवती हक्कांचे कुंपण घातले होते. हर्शेल यांनी मात्र आपले संशोधन रॉयल सोसायटीपुढे मांडून ते सर्वांना खुले ठेवले, आणि ही विद्या पुढे सामान्य माणसाच्या घरात टिकली, याचे बीज मला या औदार्यातच दिसते.

तिची कृती आजही बहुतांशी तीच आहे. फेरिक अमोनियम सायट्रेट आणि पोटॅशियम फेरिसायनाइड यांची निरनिराळी द्रावणे मंद उजेडात एकत्र करून कागदावर अथवा स्वच्छ धुतलेल्या सुती कापडावर कुंच्याने सारखी पसरावी, काळोखात वाळवावी, आणि त्या पिवळसर हिरव्या पृष्ठावर एखादे पान ठेवून वरून काच दाबून सारे उन्हात मांडावे. ऊन लागताच मोकळा भाग प्रथम निळसर व मग करडा होत जातो, कारण अतिनील किरणांनी लोहाचे रूप पालटते आणि त्यातून प्रशियन निळा रंग सिद्ध होतो. पुढे पाण्यात धुताच पानाखालचे पिवळे द्रावण वाहून जाऊन तेथे शुभ्र आकृती उरते, आणि छाप हवेत वाळत असता त्याची निळाई अधिकच गडद होते. कापडाच्या बाबतीत एवढे पथ्य अवश्य पाळावे की, ते धुण्याच्या सोड्यात कधी बुडवू नये. अल्कलीच्या स्पर्शाने हा रंग फिका पडून नाहीसा होतो.

हर्शेल यांना या रीतीचा उपयोग मुख्यतः टिपणांच्या नकला काढण्यापुरताच वाटत होता. तिला ग्रंथाची प्रतिष्ठा दिली ती त्यांच्या स्नेही कुटुंबातील ॲना ॲटकिन्स या विदुषीने. ब्रिटिश म्युझियममध्ये अधिकारी असलेल्या जॉन जॉर्ज चिल्ड्रेन यांची ही मातृविहीन कन्या वडिलांच्या सहवासात शास्त्राभ्यासात वाढली होती, आणि वडिलांनी केलेल्या लामार्कच्या अनुवादासाठी तिने शंखशिंपल्यांची रेखाचित्रे काढली होती. विल्यम हार्वे यांचा समुद्रशैवलांवरील ग्रंथ १८४१ मध्ये प्रसिद्ध झाला, पण त्यात चित्रे नव्हती. ही उणीव भरून काढण्यासाठी शैवलाचे सूक्ष्म, गुंतागुंतीचे तंतू हाताने रेखाटण्याऐवजी ॲटकिन्स यांनी प्रत्यक्ष वनस्पतीच त्या कागदावर ठेवली, नावेसुद्धा हस्ताक्षरात त्याच प्रकाशाने उमटवली, आणि १८४३ ते १८५३ या दशकात घरी बसून एकेक पृष्ठ सिद्ध करीत शैवलांचा आपला स्वतंत्र ग्रंथ भागाभागाने पूर्ण केला. छायाचित्रांनी सजलेला पहिला ग्रंथ म्हणून आज त्याचा मान आहे, आणि त्यामागचा दहा वर्षांचा चिकाटीचा परिश्रम पाहता हा मान मला सर्वथा यथार्थ वाटतो.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या विद्येने कचेरीत प्रवेश केला. पारदर्शक कापडावर काढलेल्या नकाशाच्या हव्या तितक्या नकला स्वस्तात मिळू लागल्याने अभियंत्यांच्या दफ्तरांत निळ्या भूमीवरील पांढऱ्या रेषांचा अंमल सुरू झाला, आणि आपल्याकडेही ब्लू प्रिंट हा शब्द बांधकामाच्या व्यवहारात रूढ झाला. बोअर युद्धात मॅफेकिंगला वेढा पडला असता, १९०० साली, तेथे टपालाची तिकिटेही याच रीतीने छापण्यात आली. पुढे अमोनियाने उमटणाऱ्या नकला आल्या आणि कचेरीने या कागदाला निरोप दिला.

परंतु कचेरीतून तिची उचलबांगडी झाली म्हणून ही विद्या लोपली नाही. कचेरीला वेग हवा होता आणि तो दुसरीकडे मिळताच तिचा स्वार्थ संपला. घरातील कलावंताला मात्र उन्हाच्या तीव्रतेप्रमाणे, कुंच्याच्या फिरण्याप्रमाणे आणि कापडाच्या पोताप्रमाणे दर वेळी निराळा उतरणारा छापच हवा असतो, आणि तो देण्यास ही रीत आजही समर्थ आहे. ॲटकिन्स यांनी जे काम घरी बसून केले, ते करण्यास आजही कोणाची सनद लागत नाही. ज्याला वनस्पतीचे निरीक्षण करण्याची आवड आहे, त्याने ते अवश्य करून पाहावे.