ऑस्बोर्न कंपनीचा ऱ्हास : एका रूढ कारणाची छाननी

संगणकाच्या व्यापारात ‘ऑस्बोर्न परिणाम’ हा शब्दप्रयोग रूढ आहे. नवे यंत्र विक्रीस येण्यापूर्वीच त्याची घोषणा केली की ग्राहक जुने घेईनासे होतात व विक्रेत्याचाच घात होतो, असा त्याचा अर्थ. कॅलिफोर्नियातील हेवर्ड येथील ऑस्बोर्न कंप्युटर कॉर्पोरेशन ही कंपनी १९८३ साली अशाच घोषणेमुळे बुडाली, असे सामान्यतः मानले जाते. या मताची तपासणी करणे हा प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

संस्थापक ॲडम ऑस्बोर्न हे इंग्रज पित्याचे पुत्र. त्यांचे बालपण तमिळ प्रदेशातील तिरुवण्णामलै येथे गेले. सूक्ष्म संगणकांवरील पुस्तके लिहून व प्रसिद्ध करून त्यांनी नाव मिळविले, १९७९ साली आपली प्रकाशनसंस्था मॅक्ग्रॉ-हिल यांस विकली, आणि पुढे ली फेल्सनस्टाइन यांच्याकडून एक सुवाह्य संगणक तयार करवून घेतला. एप्रिल १९८१ मध्ये प्रकट झालेल्या या ‘ऑस्बोर्न १’चे वजन सुमारे ११ किलो होते, तेव्हा ‘सुवाह्य’ हे विशेषण काहीसे उदारपणेच घ्यावयास हवे. पडदा अवघा ५ इंचांचा, त्यावर एका ओळीत ५२ अक्षरे. परंतु १,७९५ डॉलर किमतीतच वर्डस्टार, सुपरकॅल्क इत्यादी आज्ञावल्या मिळत, आणि त्या निराळ्या घ्यावयाच्या तर जवळजवळ यंत्राइतकाच खर्च येई. यंत्राच्या घटकांत अपूर्व असे फारसे नव्हते. अपूर्व होती ती विक्रीची रीत; आणि रीतीचे अनुकरण कोणासही करता येते.

तसे झालेही. १९८२ साली केप्रोने त्याच किमतीत ९ इंचांचा पडदा व ८० अक्षरांची ओळ दिली. याहून खोल आघात दुसरीकडून आला. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमने आपला वैयक्तिक संगणक आणला, आणि आज्ञावल्या रचणाऱ्यांचे लक्ष हळूहळू त्या यंत्राकडे वळले. ऑस्बोर्नचे यंत्र मात्र सीपी/एम या जुन्या कार्यप्रणालीवर चालत असे.

कंपनीच्या अंतर्गत व्यवहाराची स्थितीही बरी नव्हती. १९८३ च्या आरंभी भाग जनतेस विकण्याची सिद्धता चालू असता हिशेबांत अनपेक्षित तोटा आढळला व तो बेत बाजूस ठेवावा लागला. विक्री भरात असताना झालेला हा तोटा वेळीच कोणाच्या ध्यानात येऊ नये, ही गोष्ट माझ्या मते कोणत्याही घोषणेहून अधिक बोलकी आहे. स्वतः ऑस्बोर्न यांनी जॉन ड्वोरॅक यांच्यासह १९८४ साली लिहिलेल्या ग्रंथाचे ‘हायपरग्रोथ’ हे नावच बेसुमार वाढीकडे बोट दाखविते. अर्थात ती पक्षकाराची साक्ष होय.

आता मूळ घोषणेविषयी. ‘एक्झिक्युटिव्ह’ या नव्या यंत्राची किंमत २,४९५ डॉलर होती, पडदा ७ इंचांचा, आणि कार्यप्रणाली पुन्हा सीपी/एमचीच. घोषणेनंतर विक्रेत्यांच्या मागण्या घटल्या असतील, हे नाकारण्याचे कारण नाही. पण स्वस्त यंत्र शोधणाऱ्याने सातशे डॉलर अधिक देण्यासाठी थांबून राहावे, हे तितकेसे संभवनीय वाटत नाही. त्याच्यासमोर केप्रो तयारच होते. अधिक खर्चास राजी असणाऱ्यासमोर कॉम्पॅकचे आयबीएमशी जुळणारे सुवाह्य यंत्र होते. ते ‘एक्झिक्युटिव्ह’हूनही महाग होते, तरी लोकांनी ते घेतले. सप्टेंबर १९८३ मध्ये ऑस्बोर्न कंपनीने दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घेतला; त्याच वर्षी कॉम्पॅकची विक्री ११ कोटी १० लाख डॉलरांची झाली.