चंदनसारचा पाऊस आणि पुण्याचे महासंगणक

विरार पूर्वेचे चंदनसार ज्या वसई-विरार पट्ट्यात येते, तेथे जुलै 2018 मध्ये पावसाचे पाणी रुळांवर साचून लोकलगाड्या खोळंबल्या. असा पाऊस समजून घेण्याचे साधन मात्र पुण्यात कित्येक वर्षे घडत होते. अमेरिकेने भारताला हवा तो महासंगणक नाकारल्यावर 1988 मध्ये तेथे सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली 1991 मध्ये ‘परम 8000’ उभा राहिला.

पुण्याच्याच भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत (स्थापना 1962) पुढे ‘पृथ्वी-प्रणाली प्रारूप’ तयार झाले, म्हणजे वातावरण, समुद्र, बर्फ व जमीन यांच्या परस्परसंबंधांची गणिती मांडणी, जी सोडवण्यास महासंगणकच लागतो; 2018 मध्ये तेथे बसवलेला ‘प्रत्यूष’ सेकंदाला सुमारे चार हजार लाख कोटी गणिते करू शकत असे. जगभरच्या प्रारूपांच्या ज्या तुलना-प्रकल्पावर आंतरशासकीय हवामानबदल मंडळाचा 2021 चा अहवाल बऱ्याच अंशी आधारलेला आहे, त्यात सहभागी झालेले हे पहिले भारतीय प्रारूप होय. हा सहभाग केवळ प्रतिष्ठेचा मानणे चुकीचे ठरेल, कारण परदेशी प्रारूपांपैकी अनेकांना भारतीय मोसमी पाऊस नीट साधत नव्हता आणि कोकणपट्टीचे सारे जीवनच त्या पावसावर बेतलेले आहे.