१ एप्रिल १९४६ : स्कॉच कॅप दीपगृहाचा नाश

अलास्कातील युनिमाक बेटावरचे स्कॉच कॅप हे भक्कम काँक्रीटचे दीपगृह १ एप्रिल १९४६ रोजी मध्यरात्रीनंतर त्सुनामीच्या, म्हणजे सागरतळाच्या भूकंपाने उसळलेल्या, तीस मीटरहून उंच लाटेने पायापर्यंत उद्ध्वस्त केले आणि तटरक्षक दलाचे तेथील पाचही कर्मचारी मृत्युमुखी पडले. त्याच लाटा सुमारे पाच तासांनी हवाई बेटांवर आदळल्या. एवढा अवधी हाती असूनही इशारा देणारी यंत्रणाच नसल्याने तेथे दीडशेहून अधिक माणसे दगावली, ही यातील सर्वांत वेदनादायक बाब होय. या आघातामुळेच अमेरिकेने १९४९ मध्ये त्सुनामी इशारा केंद्र स्थापले. अरबी समुद्राकाठच्या मकरान किनाऱ्यावरील भूकंपाच्या लाटा १९४५ मध्येच मुंबईपर्यंत पोहोचल्या असूनही भारताचे हैदराबाद येथील असे केंद्र मात्र हिंदी महासागरातील २००४ च्या त्सुनामीच्या संहारानंतर, २००७ मध्ये कार्यान्वित झाले.