नळदुर्गचे तळे आणि टेलरची कादंबरी

धाराशिव जिल्ह्यात डोंगरातले सरोवर शोधू गेल्यास आपण अखेर एका भिंतीपाशी येऊन थांबतो. बालाघाटाच्या उतारावर, तुळजापूर तालुक्यात, बोरी नदीने काळा कातळ कोरून खोल घळ केली आहे. काठावरील पठारावर नळदुर्ग आणि पलीकडे रणमंडळ. या दोहोंना जोडणारा दगडी बंधारा दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या कारकिर्दीतला, इ.स. 1613 चा मानला जातो. त्याच्या पोटात पाणीमहाल आहे. बंधाऱ्याने नदी अडली, घळीत पाणी तुंबले आणि तटाबाहेर आयता खंदक झाला. निसर्गाने येथे केवळ खोलगट जागा दिली. तळे राज्यकर्त्यांच्या गरजेतून जन्मले.

साहित्याच्या अभ्यासकाने येथे अंमळ थांबावे. 1853 च्या तहाने निजामाकडून धाराशिवचा मुलूख कंपनीकडे आला आणि मेडोज टेलर नळदुर्गला अधिकारी म्हणून राहिला. 1857 पर्यंत हे पाणी त्याच्या नित्य पाहण्यात होते. पुढे त्याने चांदबिबीवर ‘अ नोबल क्वीन’ ही कादंबरी लिहिली. ती त्याच्या मृत्यूनंतर, 1878 मध्ये निघाली. तिच्या कथानकात नळदुर्गला मानाचे स्थान आहे.

आता सनावळी जुळवून पाहू. चांदबिबी 1600 च्या सुमारास अहमदनगरला मारली गेली. बंधारा त्यानंतर दशकाहून अधिक काळाने झाला. ज्या अल्पवयीन पुतण्याच्या वतीने तिने विजापूरचा कारभार पाहिला, त्यानेच मोठेपणी तो बांधविला! म्हणजे टेलरने पाहिलेले पाणी त्याच्या नायिकेच्या हयातीत तेथे साचलेलेच नव्हते. तिच्या काळातील नळदुर्गाखाली पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात आटणारी मोकळी बोरी कल्पावी लागते. आमच्या वर्गांतून ऐतिहासिक कादंबरीची चर्चा पात्रे आणि भाषा यांपाशीच संपते. स्थळालाही वय असते, हे आम्ही स्वतःदेखील फार उशिरा ध्यानात घेतले.

आज वरच्या अंगाला बोरीवर नवे धरण आहे. ते भरून वाहिले, की जुन्या बंधाऱ्यावरून ‘नर’ आणि ‘मादी’ हे दोन्ही सांडवे कोसळू लागतात आणि सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर वाहनांची रांग लागते. गर्दी धबधब्याकडे तोंड करून उभी असते. तळे भिंतीच्या पलीकडे राहते.